बुटांच्या कपाटातले आठ दिवे

आमच्या घरचे इंटरनेट दुपारी एक ते चार विश्रांती घेते, ही बातमी कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत माझ्या पत्नीने पसरवली. जिन्यात कुणी भेटले की ती गंभीर चेहऱ्याने सांगे, "आमचं नेट अगदी इथलंच आहे हो. जेवण झालं की पाटी लावून आडवं होतं." ऐकणारे हसत. मीही हसत असे. बातमी खरी होती, आणि तिच्याशी माझा काही संबंध असेल, अशी शंका मला तोपर्यंत आलेली नव्हती.

स्वतःविषयी लिहिण्याची मला सवय नाही. एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात बत्तीस वर्षे काढल्यामुळे मी जे काही लिहिले ते दुसऱ्यांच्या प्रकरणांविषयी, आणि तेही 'सादर' या शब्दाने संपणारे. निवृत्तीनंतर दोन गोष्टी उशिराच सुरू केल्या. एक हे लेखन, आणि दुसरी पाली भाषा. आमच्या घरी पालीतली बुद्धवंदना रोज म्हटली जाई. वडिलांच्या मागोमाग मी ती लहानपणापासून म्हणत आलो आणि पासष्टीला आल्यावर लक्षात आले, की तिच्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ आपण कधी कुणाला विचारलेलाच नाही. म्हणून एका ऑनलाइन वर्गात नाव घातले. आठवड्यातून तीन सकाळी वर्ग, उरलेला वेळ शब्दकोश आणि गृहपाठ. वर्गात सर्वांत वयस्क मी आणि सर्वांत अबोलही मीच. बाईंनी वाचायला सांगितले, की आधी घसा साफ करण्यात माझा इतका वेळ जातो की त्या पुढच्याला सांगतात.

आमचे घर म्हणजे शेजारशेजारचे दोन फ्लॅट, मधली भिंत फोडून एक केलेले. भिंत फोडली तरी वायफायला पलीकडे जाणे जमेना, म्हणून मेश, म्हणजे एकमेकांना जोडलेली वायफायची दोन यंत्रे, बसवावी लागली. मुख्य यंत्र दिवाणखान्यात आणि त्याचा एक जोडीदार पलीकडच्या फ्लॅटमध्ये, माझ्या अभ्यासाच्या खोलीत. दोघांना जोडणारी वायर भिंतीतून जाते आणि मध्ये एका स्विचमध्ये थांबते. स्विच म्हणजे विजेचे बटण नव्हे. एका वायरीच्या सात वायरी करणारी ती एक चपटी डबी असते, आणि प्रत्येक वायरीमागे तिच्यावर एक हिरवा दिवा लुकलुकतो. आमची डबी आठ दिव्यांची आहे आणि दाराजवळच्या बुटांच्या कपाटात राहते, कारण सर्व वायरी त्याच कोपऱ्यात बाहेर पडतात. पत्नीला ही जागा अजूनही पटलेली नाही. "जगाचं ज्ञान घरात येतं ते चपलांमधून," असे ती म्हणते. ती शाळेत गणित शिकवत असे. तिच्या बोलण्यात अनावश्यक पद सापडत नाही.

आधी ही डबी चार दिव्यांची होती आणि आम्हा दोघांना पुरत होती. मग आमची मुलगी बंगळुरूहून परत आली. बारा वर्षे ती तिकडे होती. तिच्या कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिली आणि एक दिवस तिने फोनवर विचारले, "बाबा, मी येऊन राहिले तर चालेल?" माझ्या मनात त्या क्षणी काय झाले ते मला अजूनही नीट लिहिता येत नाही. मी म्हणालो ते एवढेच, की "खोलीला रंग द्यावा लागेल." ती पहिल्यांदा गेली तेव्हाही स्टेशनावर मी तिला पाण्याची बाटली घेतलीस का, एवढेच विचारले होते. या बाबतीत माझी प्रगती संथ आहे.

ती आली, तिचे संगणकाचे दोन पडदे आले, एक खुर्ची आली आणि डबी आठ दिव्यांची झाली. नेटवाल्याच्या माणसाने येऊन ती बसवली. चाळिशीचा, शांत स्वभावाचा गृहस्थ होता, शहराच्या कडेच्या गावातला. जाताना त्याने कपाट पुसून दिले होते, हे पत्नीच्या विशेष लक्षात राहिले.

मुलीचे काम दुपारी बाराला सुरू होई. परदेशातली माणसे दोनच्या सुमारास आपापल्या कचेरीत येत आणि त्यांच्याशी तिच्या बैठका तेव्हाच असत. नेमके तेव्हाच नेट जाई.

"बाबा!" अशी हाक आली, की मी डुलकीतून उठत असे. माझ्या मनात पहिला विचार येई तो, की आधी स्वतः खात्री करावी. म्हणून मी अभ्यासाच्या खोलीत जाई, लॅपटॉप उघडी, त्याला वायर लावी आणि शब्दकोशाचे पान काढून बघे. पान झटकन उघडे.

"माझ्याकडे चालतंय," मी इकडून सांगे.

"हो, आत्ता आलं," ती तिकडून सांगे. "थँक्यू बाबा. काय केलंत?"

"काही नाही. नुसतं बघितलं."

मग मी लॅपटॉप मिटून, टेबल आवरून पुन्हा आडवा होई, आणि पाचच मिनिटांत पुन्हा हाक येई.

हे असे महिनाभर चालले. पत्नीने निरीक्षणे मांडून सिद्धान्त काढला. "तुम्ही जागे असलात की नेट चालतं. तुम्ही झोपलात की बंद. याचा अर्थ उघड आहे."

"काय?"

"तुमच्या घोरण्याला ते घाबरतं."

"आई, प्लीज. माझ्या क्लायंटसमोर माझा चेहरा फ्रीज झाला होता. तोंड उघडं. पूर्ण तीन मिनिटं."

"मग त्यांना सांगायचं, इथे दुपारी सगळंच फ्रीज होतं."

तक्रार केल्यावर तोच नेटवाला गृहस्थ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तो येणार म्हणून मी आधीच उठून, तोंड धुऊन, लॅपटॉप सुरू करून बसलेलो असे, कारण आलेल्या माणसाला ताटकळत ठेवणे मला आवडत नाही. त्याने आपला फोन काढून वेग मोजला आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघितले. "काका, सगळं ओक्के हाय. नेट नुसतं पळतंय. तुम्ही उगं टेन्शन घेताय." मी त्याला चहा विचारला आणि क्षमाही मागितली. डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच दुखणे थांबावे, तसा प्रकार होता. आणि दुखणे माझ्या मुलीचे होते.

एका सोमवारी जेवताना मुलीने सांगितले, की तिच्या साहेबांनी आता विचारले आहे. घरून जमत नसेल तर पुण्याच्या कचेरीत रोज येऊन बसा, असे. ती कचेरी हिंजवडीला. कर्वेनगरहून रोज जाऊन येणे म्हणजे दिवसाचे तीन तास रस्त्यात. तिची एक मैत्रीण तिकडे जवळच फ्लॅटमध्ये राहते, तिच्याकडे एक खोली रिकामी होत होती.

"शनिवारपर्यंत तिला हो-नाही कळवायचंय," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, "तसं लांब नाहीये बाबा. वीकेंडला येईनच मी."

पत्नीने आमटी वाढली. खरे तर बोलायचे मी होते. न जाण्याविषयी एक साधे वाक्य पुरले असते. मी भाताचा घास घेतला, तो गिळला आणि म्हणालो, "मी बघतो त्या स्विचचं."

"तुम्ही?" दोघी एकदम म्हणाल्या.

त्यांचे आश्चर्य योग्यच होते. पण प्रकरण हाताळणे म्हणजे काय, एवढे मला ठाऊक होते. मंगळवारी मी एक नवी फाइल उघडली. डाव्या बाजूला घराचा नकाशा, उजवीकडे घटनांच्या वेळा. स्विच बिघडला तर काय करावे यावर जे मिळाले ते वाचून काढले. सल्ला सगळीकडे एकच होता: सर्व वायरी काढाव्यात, एकेक परत लावावी आणि प्रत्येक वेळी थांबून बघावे. ही पद्धत मला फार आवडली. आमच्या कक्षातही हरवलेला कागद असाच शोधत.

गुरुवारी सकाळी वर्ग संपल्यावर, लॅपटॉप तसाच चालू ठेवून, मी बुटांच्या कपाटापुढे पाट मांडून बसलो. आठही वायरी काढल्या. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधून क्रमांक दिला. एकेक लावली, मिनिटभर थांबलो, अभ्यासाच्या खोलीत जाऊन पान उघडते का ते बघितले, परत आलो. अशा आठ फेऱ्या झाल्या. कुठेही दोष आढळला नाही. दिवे शहाण्या मुलांसारखे आपापल्या लयीत लुकलुकत होते.

"निष्कर्ष?" पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले.

"दोष आढळून येत नाही."

"म्हणजे फाइल बंद करायची आणि पोरीचं सामान बांधायचं."

जेवून, लॅपटॉप मिटून, टेबल आवरून मी आडवा झालो आणि दहा मिनिटांत हाक आली, "बाबा!"

त्या दिवशी प्रथमच मला लाज वाटली. उपाय एकच उरला होता आणि तो जड होता. शुक्रवारी दुपारी झोपायचे नाही. नेट जाते तेव्हा, त्याच क्षणी, डबीसमोर हजर राहायचे.

शुक्रवारी एक वाजता जेवण झाले. मी अभ्यासाच्या खोलीत गेलो, गृहपाठाचे पान मिटले, लॅपटॉप मिटला, रोजच्याप्रमाणे टेबल आवरले आणि येऊन पाटावर बसलो. कपाटाचे दार उघडले. क्षणभर मला काय दिसते आहे ते समजेना. आठही दिवे एकदम, एकाच घाईने, न थांबता चमकत होते. आदल्या दिवशीची ती शहाणी मुले जणू मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर दारात कोंडली गेली होती.

"बाबा, गेलं!" आतून हाक आली.

"माहीत आहे," मी म्हणालो. इतक्या आत्मविश्वासाने मी या घरात पूर्वी कधी उत्तर दिलेले नव्हते.

क्रमांक एकची वायर काढून परत लावली. गोंधळ तसाच. दोन, तीन, चार, प्रत्येक वेळी तेच. पाच काढली आणि सगळे दिवे एकदम शांत झाले. पाच परत लावली. पुन्हा तोच दंगा.

"आलं!" "गेलं!" "बाबा, काय चाललंय?"

"पाच क्रमांक कुठे जाते?" मी पत्नीला विचारले. ती पदराला हात पुसत आली.

"मला विचारताय? चिठ्ठ्या तुम्ही बांधल्या आहेत."

चिठ्ठीवर मी फक्त 'पाच' लिहिले होते. वायर भिंतीत शिरत होती आणि भिंतीपलीकडे तिचे काय होते, ते नोंदवलेले नव्हते. पत्नी पलीकडच्या फ्लॅटमध्ये गेली. थोड्या वेळाने अभ्यासाच्या खोलीतून तिचा आवाज आला. वर्गात फळ्यावरचे उदाहरण चुकले की तिचा आवाज असा व्हायचा.

"अहो, जरा इकडे या. ही वायर तुमच्या त्या दुसऱ्या यंत्रातून निघते आणि तिथूनच परत भिंतीत जाते. मध्ये काहीच नाही. हिचा उपयोग काय?"

मी दारात उभा राहिलो आणि मला सगळे दिसले.

माझ्या टेबलाजवळ भिंतीत दोन खाचा आहेत. पहिलीतून दिवाणखान्याकडची वायर येते आणि मेशच्या यंत्राला मिळते. यंत्रातून एक आखूड वायर माझ्या लॅपटॉपला लागते. वर्गात आवाज तुटू नये म्हणून मुलीनेच ती दिली होती. दुसरी खाच मृत आहे, तिच्यामागची वायर पलीकडे कशालाच जोडलेली नाही, असे फ्लॅट जोडताना इलेक्ट्रिशियनने मला सांगितले होते. काम संपले, की लॅपटॉपमधून काढलेले वायरीचे टोक मी रोज त्या मृत खाचेत खोचून ठेवत असे.

याचे कारण समजायला अभिलेख कक्ष समजावा लागतो. तिथे फाइलीतले कागद दोऱ्याने ओवलेले असतात आणि त्या दोऱ्याचे टोक मोकळे सोडणे हा गुन्हा होता. मोकळे टोक म्हणजे उद्या हरवणारा कागद, असे माझे पहिले साहेब म्हणत. बत्तीस वर्षांत मी एकही टोक मोकळे सोडले नाही. आपण निवृत्त झालो, हे हाताला कुणी सांगितले नव्हते.

मी नेटवाल्या गृहस्थाला फोन लावला. त्या नव्या डबीत पाच क्रमांकाची वायर आपण का लावली, असे शक्य तितक्या नम्रतेने विचारले.

"ती व्हय," तो म्हणाला. "भिंतीतनं मोकळीच लोंबत होती काका. बरं दिसंना, म्हणून लावून टाकली. काय प्रॉब्लेम हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "आपण अगदी योग्य केलंत."

एकाच वायरीच्या दोन टोकांना दोन नीटनेटकी माणसे बसली होती. मी लॅपटॉप मिटला, की डबीतून निघालेला निरोप भिंतीतून माझ्या यंत्रात येई आणि दुसऱ्या खाचेतून, पाच क्रमांकाच्या वायरीने, परत डबीत जाई, तिथून पुन्हा यंत्रात. असा तो फिरत राही आणि मुलीच्या बैठकीला वाट उरत नसे. मी तपासायला लॅपटॉप उघडला, की टोक खाचेतून निघे आणि सर्व सुरळीत होई. दोष शोधायला जाणारा मीच तो दुरुस्त करत होतो आणि सगळे निर्दोष ठरल्यावर तोच दोष पुन्हा निर्माण करत होतो. रात्री काय होत असेल, ते कुणाला कळले नाही. आम्ही झोपलेले असू.

पत्नी हातात ते टोक धरून माझ्याकडे बघत होती. ती हसेल, असे मला वाटले. ती म्हणाली, "तिला काय सांगणार?"

'दुरुस्त केलं' एवढे म्हणता आले असते. ते खोटेही नव्हते. मुलगी थँक्यू म्हणाली असती. पण त्या महिन्यातल्या प्रत्येक तुटलेल्या बैठकीबद्दल तिच्या साहेबांनी तिला बोल लावला होता, आणि तिने तो ऐकून घेतला होता.

मुलगी बैठकीत होती. दार लोटलेले होते. तोंडाने सांगणे मला जमले नसते. मी फाइल घेतली आणि शेवटच्या पानावर टिपणी लिहिली.

'प्रस्तुत प्रकरणी तपासाअंती असे आढळून आले, की दुपारच्या वेळी होणाऱ्या बिघाडास निम्नस्वाक्षरीकार हा स्वतः जबाबदार आहे. वायरीचे मोकळे टोक भिंतीत खोचण्याच्या त्याच्या सवयीमुळे सदर प्रकार घडत होता. यंत्रे निर्दोष आहेत. सबब, स्थलांतराचे कारण उरलेले नसल्यास, संबंधितांनी याच घरी राहावे, अशी निम्नस्वाक्षरीकाराची विनंती आहे. ही विनंती बारा वर्षांपूर्वी करावयास हवी होती. निर्णयार्थ सादर.'

बारा वर्षांचे वाक्य आधी मी खोडले होते. मग खोडलेल्यावर ते पुन्हा लिहिले. फाइल तिच्या टेबलाच्या कडेला ठेवली, पडद्यावरच्या माणसांना दिसू नये म्हणून वाकून बाहेर आलो आणि चार वाजेपर्यंत अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडून राहिलो. हाक आली नाही.

चहाच्या वेळी फाइल माझ्या पाटाशेजारी ठेवलेली होती. समासात, साहेब लोक शेरा लिहीत तिथेच, पेन्सिलीने लिहिले होते: 'सुरुवात वाचून खूप हसले. शेवट वाचून नाही. एक आठवडा टेस्ट करू. तोपर्यंत त्या वायरीला कोणीही हात लावायचा नाही. हे तुम्हाला आहे, बाबा.'

शनिवारी सकाळी ती गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी कुंडीला पाणी घालत होतो आणि ते गरजेपेक्षा जास्त घालत होतो.

"नाही गं, नको धरूस माझ्यासाठी," ती म्हणाली. "दे दुसऱ्या कुणाला. हो, सापडला प्रॉब्लेम. नाही, डिव्हाइस नाही. माणूस होता."

आत येताना तिने माझ्याकडे बघितले. "कुंडी वाहतेय, बाबा."

मी घसा साफ केला. बराच वेळ गेला, पण या वेळी कुणी पुढच्याला विचारले नाही. "बरं झालं," मी म्हणालो. "तू आहेस ते."

"हं," ती म्हणाली आणि फडके आणायला गेली.

ते टोक आता माझ्या टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते. भिंतीतली मृत खाच मुलीने चिकटपट्टी लावून बंद केली आहे, आणि पत्नीने तिच्यावर पेनने एक ते चार असे लिहून ठेवले आहे. रोज जेवणानंतर मी लॅपटॉप मिटतो, टेबल आवरतो, त्या टोकाकडे बघतो, हात मागे बांधतो आणि झोपायला जातो. झोप लागायला अजून वेळ लागतो.